दोन व्याही आणि एक कडू ग्लास

२२ नोव्हें., शनि.
समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीचं लग्न. हॉल डोंबिवली पूर्वेलाच, चालत गेलो. मठ्ठा पाणचट, मसालेभात खाली लागलेला, जिलबी कालची. केटररला बाजूला घेऊन तिन्ही सांगितलं. तो म्हणे, "काका, इतक्या पंगती उठल्या, कोणी काही बोललं नाही." म्हटलं, कोणी बोलत नाही म्हणूनच मला बोलावं लागतं. सुनीता परतताना माझ्यापुढे चालत होती, म्हणजे ओळख नाही असं. घरी चपला काढताना: "अहो, आपण आहेर द्यायला गेलो होतो. तपासणीला नाही." लग्न झाल्यापासून बायकोचं हेच वाक्य. मी सुधारलो नाही, तीही थकली नाही.

संध्या. ऋताचा फोन. "बाबा, तुझी जीभ हवीय."

लेक ठाण्याच्या ब्रुअरीत आहे, वर्तकनगरच्या पुढे. तिथेच बिअर बनवतात, तिथेच विकतात. मालकाने तिला एक टाकी दिलीय, स्वतःची बिअर करायला. ती लाल एल (बिअरचाच एक प्रकार) करणार, हॉप्स भरपूर घालून. (हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. बिअरचा कडूपणा त्यातून येतो. आजवर मी समजत होतो, बिअर जात्याच कडू.) जमली तर जानेवारीपासून एक नळ कायमचा तिच्या बिअरचा आणि ती मुख्य ब्रुअर. नाही जमली तर मालक पुण्याचा कोणी आणणार आणि ही त्याच्या हाताखाली टाक्या धुणार.

"इथे सगळे 'मस्त' म्हणतात. घरी विघ्नेशपण 'मस्त' म्हणतो. तू म्हणणार नाहीस."

छाती फुगली. इतकी वर्षं ज्या गुणाबद्दल शिव्या खाल्ल्या, त्याची कोणाला तरी गरज पडली. सु.ला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "येतो. खरं तेच सांगतो."

२३ नोव्हें., रवि.
बिल्डिंगमध्ये सु.ने सांगून ठेवलंय की ऋता "फर्मेंटेशन लाइनला" आहे. आज दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी विचारत आल्या, चाळीस माणसांचं इडलीचं पीठ होलसेलमध्ये मिळेल का. सु. म्हणाली, "विचारते." आता काय विचारणार ते तिलाच ठाऊक.

३० नोव्हें., रवि.
ठाणे. लेकीच्या सासरी. घर खाडीच्या बाजूला, जुन्या कोळी वस्तीत, मागे नारळ. ऋताने एक चाल केली आणि मला आधी सांगितली नाही: चव घ्यायला तिने सासऱ्यांनाही बसवलं. म्हणे दोन टोकांची दोन माणसं हवीत. काशिनाथराव, माझे व्याही, कोळणींना बर्फ पुरवायचा धंदा. अतिशय सभ्य माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. रविवारी एक थंड बाटली घेतात, विहीणबाईंच्या परवानगीने. मी सणासुदीला एखादा पेग, सु.च्या परवानगीशिवाय.

छोट्या भांड्यात केलेली पहिली बिअर. रंग कोकमाच्या आगळासारखा. वर फेस. पहिला घोट बरा, भाजलेल्या पावासारखा. मग कडूपणा आला. आला तो बसला. घशात, टाळ्याला, कानाच्या मागे. आजारपणात आई काडेचिराइताचा काढा पाजायची, तेव्हा निदान नाक दाबायची मुभा होती.

तोंड उघडलंच होतं सांगायला. इतक्यात का.रावांनी दोन्ही हातांनी ग्लास पुन्हा भरून पुढे केला. "घ्या व्याही. पयला मान तुमचा."

मुलीचं सासर. व्याही स्वतः उभं राहून वाढतोय. विहीणबाई तळलेले बोंबील घेऊन दारात. आणि मी काय म्हणू, की कडू जहर आहे? मुलीच्या सासरी पानातल्या पदार्थाला नाव ठेवायचं नाही, हे रक्तातच आहे.

म्हणालो, "वा!"

ते म्हणाले, "एक नंबर!" आणि ग्लास संपवला. मग मलाही संपवावा लागला. मी त्यांना भरून दिला, ते नको म्हणेनात. त्यांनी मला आग्रह केला, मी कसा मोडू? जिलबीची पंगत असल्यासारखा प्रकार झाला. ऋता वही घेऊन समोर. "कडूपणा जास्त वाटतो का? खरं सांगा."

का.रा.: "छे! अजून कडक असली तरी चालंल."

व्याही इतकं मोठं मन दाखवतायत आणि मुलीचा बाप मागे राहणार? मी म्हणालो, "चालेल काय, हवीच. अजून कडू कर."

ऋताने माझ्याकडे बघितलं. "नक्की, बाबा?"

"नक्की."

लिहून घेतलं पोरीने. अधोरेखित केलं.

१ डिसें., सोम.
सकाळचा चहा कडू लागला. पोहे कडू. टूथपेस्टही. सु. विचारते, कशी होती. म्हटलं, ठीक. ती थांबली. "ठीक? तुम्ही? ताप आहे का?" आणि खरोखर कपाळाला हात लावला.

४ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार. पाटावर कलश, सु.चा उपास. आणि दुपारी जावई विघ्नेश हजर, हातात काळी मोठी बाटली. "ऋताने पाठवलीय, निवांत चव घ्या म्हणाली." फ्रीजमध्ये जागा एकच, नैवेद्याच्या खिरीशेजारी. सु.ने बाटली उचलून भाजीच्या कप्प्यात मेथीखाली पुरली. "आज दिसता कामा नये." उद्याही दिसली नाही तरी मला चालेल.

६ डिसें., शनि.
जिभेला सवय लावायचं ठरवलंय. सकाळी कारल्याचा रस. दुपारी मेथीचा लाडू, गूळ न घातलेला. रात्री अर्धा कप बाटलीतली. निष्कर्ष: कारलं सौम्य आहे.

बागेतल्या मंडळींना वाटतं मला शुगर निघाली. दोघांनी डॉक्टरचे नंबर दिले. नाही म्हणण्याऐवजी लिहून घेतले. अलीकडे मला कोणालाच नाही म्हणता येत नाहीये, हे काही ठीक नाही.

१४ डिसें., रवि.
आजचा प्रसंग नीट लिहून ठेवतो.

पुन्हा ठाणे. दुसरी बिअर. आमच्या सांगण्यावरून हॉप्स वाढवलेले. रंग तोच, सुंदर. ऋता म्हणाली, "घ्या, दोघांच्या आवडीची." पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. का.रावांच्याही आलं. ऋताला वाटलं, आम्ही भारावलो. मी म्हणालो, "अप्रतिम." ते म्हणाले, "याच्यावर काय नाय." ती आनंदाने आत गेली, विघ्नेशला फोन करायला.

मी ग्लास घेऊन उठलो. हात धुऊन येतो म्हटलं. मागच्या दारी मोरी, तिथे ओतून टाकू. दार लोटलं तर का.रा. नारळाच्या बुंध्याशी वाकलेले, ग्लास उपडा.

त्यांनी ग्लास सरळ केला.

ते म्हणाले, "मना वाटला, नारलाला जरा पानी घालावा."

मी म्हणालो, "मलाही झाडांची आवड आहे." आणि माझाही ओतला.

मग त्यांना हसू फुटलं, मग मला. तोंडावर रुमाल धरून हसलो, आत आवाज जाऊ नये म्हणून. विहीणबाई खिडकीतून बघून गेल्या. काय समजल्या देव जाणे.

का.रा.: "व्याही, मना त पयल्या दिशीच नाय आवरली. पन तुमी 'वा' बोलले. तुमी डोंबिवलीची शिकलेली मानसा, मना वाटला हीच चव असल." (आवरली म्हणजे आवडली.)

मी: "आणि मी तुम्ही एक नंबर म्हणालात म्हणून…"

"मंग कडक कराला कशाला सांगितलाव?"

"सुरुवात तुम्ही केलीत."

"मी मान राखला!"

"मीही तोच राखला."

ठरलं: ऋताला खरं सांगायचं. इथपर्यंत एकमत. कोणी सांगायचं, इथे गाडी अडली. ते म्हणाले, पोरगी तुमची, हक्क तुमचा. मी म्हणालो, आता सून तुमची, मान तुमचा. "नाय नाय, तुमी." "छे छे, तुम्हीच." तेवढ्यात ऋता बाहेर आली. दोघांचे रिकामे ग्लास बघितले आणि दोघांचेही भरले.

१५ डिसें., सोम.
का.रावांचा फोन, सकाळी. "सांगितलात?" मी: "तुम्ही?" मग ते म्हणाले, आज पापलेट चांगलं आलंय, पाठवू का. आम्ही घरी मासे करत नाही हे त्यांना माहीत आहे. मी हो म्हणालो.

१६ डिसें., मंगळ.
पापलेट आलं. बर्फासकट. सु. माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या मजल्यावर दिलं, इडलीवाल्या वहिनींना. त्या खूश.

१७ डिसें., बुध.
उशीर झाला. ऋताचा मेसेज: "मोठी टाकी आज लावली. तुमच्या दोघांची रेसिपी." खाली लाल बदाम.

पाचशे लिटर. एवढ्याला नारळ किती लागतील याचा विचार आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

जेवलो नाही. सु.ने काय झालं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "लोकांच्या मठ्ठ्यावर एवढं भांडता. आणि पोटच्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न आला तर वा वा?" मोबाइल घेतला, ऋताला लावला नाही. अजून नाही.

२३ डिसें., मंगळ.
आज गेलो.

का.रावांचा बर्फाचा टेम्पो डोंबिवलीला आला होता, रिकामा परत चालला होता, ते स्वतः ड्रायव्हरशेजारी. फोन केला, "चला, दोघांनी मिलून सांगू." मी मधल्या सीटवर, पायाखाली वितळलेलं पाणी. शीळफाट्याला नेहमीसारखं अडकलो. तिथे रंगीत तालीम केली. मी म्हणणार, "ऋता, एक सांगायचं होतं." मग ते म्हणणार, "तुजी मेहनत लय हाय." मग मी… पुढचं कोण म्हणणार यावर मुंब्र्यापर्यंत चर्चा.

वर्तकनगर आलं तशी का.रावांची हवा गेली. चहाच्या टपरीशी टेम्पो थांबवला. "मना जमाचा नाय, व्याही. सून हाय. उद्या घरात तिनी तोंड फिरवला त मी कुठं जाव? तुमी बाप हाव. बापावर रागावली तरी परत येल." आणि खरंच चहा घेऊन बसले. राग आला होता. पण माणूस चूक बोलला नव्हता.

एकटा गेलो. ब्रुअरी सकाळची बंदच असते, खुर्च्या टेबलांवर उलट्या. ऋता गमबूट घालून जमीन धूत होती. टाक्या धुवायच्या सोड्याने बोटांना चिरा पडलेल्या. मला बघून एवढी खूश झाली की मी तालमीतलं सगळं विसरलो. टाकी दाखवली. नळीतून बुडबुडे येत होते. "ऐक, बाबा, जिवंत आहे." मग म्हणाली, "मालक म्हणत होता, एवढं कडू नको. मी ऐकलं नाही. म्हटलं, माझ्या बाबांना चालली म्हणजे प्रश्नच मिटला. तो माणूस देवाच्या प्रसादातही खोट काढतो."

आता सांगितलं नाही तर कधीच नाही.

"कडू आहे गं. फार. पहिल्या दिवसापासून होती. आम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखला. दुसऱ्यांदा तर नारळाला घातली."

तिने पाण्याचा पाइप बंद केला. नीट गुंडाळून ठेवला.

"केटररला सांगतोस, बाबा. रिक्षावाल्याला सांगतोस. माझ्या दहावीच्या निबंधाला तू 'रटाळ' म्हणाला होतास. आणि आता वा वा? का? लग्न झालं म्हणून? मी पाहुणी झाले का तुझ्यासाठी?"

नाही म्हणालो. पण खरं तेच होतं. तिच्या लग्नानंतर मी तिच्याशी पाहुण्यासारखाच बोलतोय. फोनवर "बरी आहेस ना", "जेवलीस ना", "छान छान". मला वाटायचं, ही माया. तिला वाटलं, मी तिच्यापासून दूर झालो.

"जा तू आता. मला काम आहे."

बाहेर का.रावांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. पार थंड. "रागावली?" हो. "किती?" पाइप गुंडाळून ठेवल्याचं सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

२६ डिसें., शुक्र.
फोन नाही. सु.ला रोज करते, माझी चौकशी नाही. का.रा. रोज कळवतात: "आज जेवली." "आज माज्याशी बोलली, दोन शब्द." "तुमचा नाव नाय काढला, पन शिव्या पन नाय दिल्या." ते आता माझे वार्ताहर झालेत. चांगला माणूस. व्याही नसते तरी मैत्री झाली असती, बहुतेक लवकर झाली असती.

२८ डिसें., रवि.
का.रावांची बातमी: मालकाशी भांडून तिने दुसरी, छोटी टाकी मिळवली. त्यात तीच बिअर, पण हॉप्स अगदी नावाला, भाजलेले सातू (बार्ली) जास्त. ती गोडसर होईल, मग दोन्ही एकत्र करून कडूपणा मारायचा. कडूपणा काढता येत नाही म्हणे, वाटून घेता येतो. मालकाने एकच संधी दिलीय. तो स्वतः चाखणार आणि ठरवणार.

देवाजवळ काय मागावं कळेना. ही गोष्ट चांगली निघू दे असं देवाला सांगायचं तर आधी ती बिअर आहे हे सांगावं लागेल.

११ जाने., रवि.
सकाळी मेसेज. "दुपारी ये. एकटा." चार शब्दही नाहीत. दाढी केली, शर्ट बदलला, पुन्हा बदलला. सु. म्हणाली, "मुलगी बघायला चाललात का?"

ठाण्याला पोचलो तर ऋताने चौकीतल्यासारखी व्यवस्था केलेली. मला स्वयंपाकघरात, का.रावांना बाहेरच्या खोलीत. मधलं दार बंद. "एकमेकांकडे बघायचं नाही. आग्रह नाही. आई, तुम्ही बोंबील घेऊन फिरायचं नाही." विहीणबाईंनी ताट मागे नेलं.

ग्लास ओट्यावर ठेवला आणि समोर उभी राहिली. हात बांधून.

रंग तोच लाल. नाकाशी नेल्यावर संत्र्याच्या सालीचा वास. हा आधीही असणार, मला घाबरून कळला नव्हता. घोट. पावाची भाजलेली कड, जरा गुळासारखं काही, मग कडूपणा. आला, बसला नाही. थोडा वेळ राहून निघाला. दुसरा घोट घेतला, न सांगता.

"आवडली?"

"हो. ही खरंच आवडली. पण शेवट तुरट आहे. गिळल्यावर जीभ कोरडी पडते. आणि फेस लवकर बसतो. तुमच्या मालकाने लक्ष दिलं तर त्याला कळेल."

एवढं सगळं बोललो तिच्या सासरी, स्वयंपाकघरात उभं राहून.

लिहून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "तुरट मलाही वाटतंय. फेसाचं कळलं नव्हतं." मग बाहेर गेली. दाराआडून का.रावांचा आवाज, कोर्टात साक्ष दिल्यासारखा: "मना आवरली. पन येक ग्लास बास. दुसरा मी नाय घेनार. सांगितला बग, आता रागावू नको."

ती हसली. मी दाराशी कान लावून होतो, मला ऐकू आलं.

निघताना माझ्याशी बोलली असं नाही. पण रिक्षापर्यंत आली. "मंगळवारी मालक चाखणार. बुधवारी सांगेल." एवढंच.

१३ जाने., मंगळ.
आज चाखली असेल. सु.ने संध्या. देवाजवळ जादा वात लावली. कशासाठी विचारलं तर म्हणे, संक्रांतीची. संक्रांत उद्या आहे.

१४ जाने., बुध.
ऋता सकाळीच आली. न सांगता. संक्रांत म्हणून, असं म्हणाली, पण तिळगूळ आणायला विसरली होती. मालकाचा फोन अजून नाही. ठाण्याला सासूसासरे तिच्या तोंडाकडे बघत बसतात, ते सहन होईना, म्हणून इकडे. इथे आम्ही बघत बसलो.

सोफ्यावर पाय घेऊन बसली, लग्नाआधी बसायची तशी. मोबाइल उपडा ठेवलेला. मला दोनदा वाटलं म्हणावं, होईल गं, काळजी करू नकोस. दोन्ही वेळा गिळलं. तिने विचारलंच. "बाबा, लागेल माझा नळ?"

"माहीत नाही."

"बिअर चांगली झालीय?"

"चांगली झालीय. त्याला आवडेल का, माहीत नाही. त्याचं पुण्याच्या माणसाशी बोलणं कुठवर गेलंय तेही माहीत नाही. मला भीती वाटतेय."

"मलापण," म्हणाली. उशी मांडीवर ओढून म्हणाली, "बरं वाटलं."

मग उठून चहा करायला गेली. सु. म्हणत होती मी करते, ऐकलं नाही. तीन कप आणले. मी एक घोट घेतला.

"साखर फार. आलं नावाला. आणि पाणी किती घातलंयस? पाणचट झालाय."

सु.ने डोक्याला हात लावला. "अहो, आज तरी…"

ऋता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग स्वतः करून घे ना. ऐतं पाहिजे आणि वर नावं ठेवायची." आणि आईला म्हणाली, "असाच होता का गं हा आधी?" "याहून वाईट," सु. म्हणाली. दोघी हसायला लागल्या.

तेवढ्यात फोन. मालकाचा. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं.

हे लिहितोय तेव्हा अजून बाहेरच आहे. काचेतून दिसतेय. फेऱ्या मारतेय, मान हलवतेय, हो म्हणतेय की नाही म्हणतेय ते कळत नाही. आता थांबलीय. एक हात कपाळावर. खाली रस्त्यावर पतंगवाल्या पोरांचा आरडाओरडा, त्यात काही ऐकू येत नाही. सु. माझ्या खुर्चीमागे उभी आहे.

चहा पिऊन टाकला. खरंच पाणचट होता.